ओवलेली सुई

सासूबाईंची नजर अधू झाली, तरी शिंप्याकडून येणाऱ्या शर्टांची काजं-बटणं त्यांनी सोडली नव्हती. रोज सकाळी त्या सुयांची उशी चाचपायच्या, सुईतला दोरा बोटांना लागला की हात जोडायच्या. “देवा, आजही सुई ओवलेली मिळाली. तुझे उपकार.” स्वयंपाकघरात सून कपाळावर हात मारायची. पहाटे उठून सुई ओवायची तिने आणि श्रेय लाटायचं देवाने. पण हे बोलून दाखवायला तिची जीभ कधी रेटली नाही. त्या दिवशी ती तापाने फणफणली होती, उठताच आलं नाही. सासूबाईंनी उशी चाचपली. सुईला दोरा नव्हता. आता देवाचं बिंग फुटणार, म्हणून सुनेने पांघरुणातच डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी मात्र नेहमीसारखेच हात जोडले. “देवा, सुईचं राहू दे. तू दिलेली माझी ओवणारी अजून उठली नाही. तेवढं तिला बरं कर.”