मागं राहिलेला तळ

मेंढरांचा तळ हलवायचा तर आधी चुलीचा एक दगड पाडायचा आणि मगच वाट धरायची, ही आकारामच्या घराण्याची रीत होती. चूल उभी राहिली तर मागं कुणीतरी रांधत बसतं, असं त्याची आई सांगायची.

पण आकाराम लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आला, तो तांब्याएवढा पितळी स्टो घेऊनच. दोन-चारदा पंप मारला की निळी ज्योत फरफरायची. दहिवडीच्या माळावर या खेपेला त्यानं दगड मांडलेच नाहीत.

सकाळी तळ हलला तेव्हा त्याची बायको राहीबाई घुटमळली. "आवं, मग पाडायचं काय?"

"चूलच पिशवीत घातली की गं!" आकाराम हसला.

ओढा ओलांडला आणि मागून फरफर ऐकू आली. पेटल्या स्टोची, ओळखीची. मेंढरं जागीच थबकली. आकारामनं पिशवीत हात घातला. स्टो तिथंच होता, गार पडलेला.

"माघारी बघू नगा," राहीबाई पुटपुटली. तिनं त्याची बाही घट्ट धरली होती.

फरफर थांबली. मग रिकाम्या तळावरनं राहीबाईचीच हाक आली, अगदी रोजच्यासारखी.

"आवं, भाकरी झाली. या!"

शेजारी उभ्या राहीबाईचे ओठ मिटलेले होते. आकारामनं पिशवी छातीशी आवळली.

"आलो, आलो," मागून त्याचाच आवाज म्हणाला.