ज्योतीचं पत्र

"ज्योतीनं एक पत्र लिखी द्या, भाऊ," दिवालीबाई म्हणाल्या. पाण्याचा पेला त्यांच्या हातात तसाच होता.

जगदीशने त्यांना दारातच ओळखलं होतं. आठ वर्षांत चेहरा तोच राहिला होता, फक्त हाडं वर आली होती. साक्रीकडच्या आपल्या गावाहून एस.टी.ने धुळे आणि तिथून जळगाव, असं करत आणि लोकांना विचारत त्या त्याच्या नव्या घरापर्यंत पोचल्या होत्या.

आठ वर्षांपूर्वी तो धुळ्याला एका दैनिकात बातमीदार होता. दिवालीबाईंची एकुलती एक मुलगी ज्योती कॉलेजातून घरी परतलीच नाही. बाराव्या दिवशी एका नाल्यात तरुण मुलीचं प्रेत सापडलं. डोक्यात मागून घाव होता. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. ज्योतीच्या आईवडिलांना शवागारात बोलावलं, तेव्हा जगदीश वही घेऊन तिथे उभा होता. तिचे वडील सुकलाल आबा दारातच थांबले. दिवालीबाई आत गेल्या, चादर उचलली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही आमनी नही." अनोळखी म्हणून प्रेताची विल्हेवाट लागली. जगदीशची बातमी सात ओळींची आली.

मग ज्योती गेली कुठे? हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. त्यातूनच त्याची पहिली कादंबरी झाली. नाव बदललं, गाव बदललं. त्यातली मुलगी सुरतला जाते, साड्यांच्या दुकानात नोकरी धरते, मनासारखा संसार थाटते. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. बायकांची पत्रं यायची: अशीच कुठेतरी सुखात असू दे हो ती. नववी आवृत्ती निघाली आणि त्याने नोकरी सोडली. पुढच्या तिन्ही कादंबऱ्यांत हरवलेली बाई शेवटी सापडतच असे. व्याख्यानात तो सांगायचा, "बातमी माणसाला संपवते, कादंबरी जिवंत ठेवते." हमखास टाळ्या पडत.

आता तो अवघडून म्हणाला, "अक्का, ते पुस्तक माझ्या मनातलं आहे. ज्योती कुठे आहे, मला खरंच माहीत नाही."

"माले माहीत शे." त्यांनी पेला खाली ठेवला. "नालामा सापडनी ती ज्योतीच व्हती. मी तवयच वळखी."

जगदीशने खुर्ची पुढे ओढली.

"तिना बाप दारमा उभा व्हता. थरथर कापे. माले वाटनं, मी हो म्हनसू ते हाऊ आठेच, उभा उभा मरी जाई. तोंडमाईन 'नही' निंघी गयं. मंग ते मांगे लेता उनं नही."

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. पुतण्या भूषणने ती कादंबरी घरी आणून वाचून दाखवली. तेव्हापासून सुकलाल आबा दर महिन्याला सुरतची गाडी धरू लागले. साड्यांच्या दुकानांतून फिरायचे, ज्योतीचा फोटो दाखवायचे. सात वर्षं हेच चाललं होतं. आता ते धुळ्याच्या दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"तिना बाप काई आते जगाव नहीत. पोरनं पत्र ऐकीसन जाऊ द्या त्यास्ले. तुमले तिनं बोलनं लिखता येस."

नाही म्हणायला जगदीशला तोंड नव्हतं. तो टेबलाशी बसला. तासाभरात पत्र उतरलं. मी सुखात आहे, आबा. तुम्हाला नात झाली आहे, नाक अगदी तुमच्यावर गेलं आहे. तुमच्या रागाला भ्यायले म्हणून आले नाही, एवढी चूक पोटात घाला. त्याने वाचून दाखवलं, तेव्हा दिवालीबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. तशातही जगदीशच्या मनात येऊन गेलं की चांगलं जमलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांच्याबरोबर धुळ्याला गेला. सुकलाल आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. त्याने पत्र वाचलं. नातीच्या नाकापाशी त्यांचे सुकलेले ओठ किंचित हलले.

"पोर सुखी शे," ते बायकोला म्हणाले. "जाय, च्या लई ये."

कितीतरी दिवसांनी त्यांनी तोंडाने काही मागितलं होतं. दिवालीबाई लगबगीने खाली गेल्या.

त्यांची पावलं जिन्यावर गेली तसे आबांनी डोळे उघडले. जगदीशचं मनगट धरलं.

"तिले सांगू नका, भाऊ. माले बठ्ठं माहीत शे. चादरना बाहेर पाय व्हता. डावा पायनी करंगळी नव्हती. पोर धाकली व्हती तवय मनाच हातना इळावरी ती कापाई गयी व्हती."

"आबा... मग तुम्ही सुरतला कशाला जात होता?"

"ती नही म्हने, मी बी चूप ऱ्हायनू. मी आशावर जगस, असं तिले वाटे. मी सुरतथीन येऊ, तवय ती भाकर करीसन बसेल ऱ्हाये. मी येसू म्हनीसन तरी ती उठे, रांधे, दोन घास खाये."

जगदीशने पत्राची घडी केली. आबांना धीर द्यायला तो शब्द शोधू लागला. आजवर ते कधी कमी पडले नव्हते.

आबांनी मनगट सोडलं नाही. आवाजात राग नव्हता. कितीतरी वर्षांपासून विचारायचं राहून गेलं असावं, तसं त्यांनी विचारलं,

"ती आमनी नही, असं आम्ही सांगं. ते आमनं पाप. पन ती कोनी तरी पोर व्हतीच ना? डोकामा घाव व्हता, तुम्ही वहीमा लिखी बी लिधा. मंग तिले कोनी मारं, ते तुम्ही काबरं नही शोधं, भाऊ?"