दुधी काच

"आमच्याकडे आज भाजी कुठली केलीय, तेसुद्धा प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला दिसेल," माधवराव म्हणाले. "स्टेशन पुढे न्या. एवढीच आमची मागणी आहे."

मेट्रोची तरुण इंजिनिअर तनया मांडीवर नकाशा घेऊन अजून श्वास सावरत होती. वारज्यातल्या या जुन्या सोसायटीला लिफ्ट नाही आणि अध्यक्ष माधवराव राहतात चौथ्या मजल्यावर. प्रत्येक सभा ते स्वतःच्याच घरी घेतात. चार जिने चढून आलेला माणूस पहिली दहा मिनिटं वाद घालू शकत नाही, आणि माधवरावांना तेवढी पुरतात.

"पुढे म्हणजे कुठे, काका?"

"नाल्यापलीकडे. बागेसाठी राखीव जागा आहे ना, तिथे."

"अहो, तिथे पोरं खेळतात," पहिल्या मजल्यावरचे संजय म्हणाले. त्यांची धाप एव्हाना ओसरली होती. "संध्याकाळी भाजीवाल्या बसतात. बाग झाली नाही म्हणून जागा काही रिकामी नाही."

"बाग होणार, बाग होणार, हे मी वीस वर्षं ऐकतोय. सध्या तिथे गाजरगवताचं उद्यान आहे. त्याच्या डोक्यावर स्टेशन बांधलं तर गाजरगवत कोर्टात जाणार नाही."

सगळे हसले.

तनयाने नकाशा उलगडून दाखवला. प्लॅटफॉर्म नेमका चौथ्या मजल्याच्या उंचीवर येत होता, अगदी या गॅलरीच्या समोर.

"तेच तर म्हणतोय मी! आमची ही दिवसभर त्या गॅलरीत बसलेली असते. येता-जाता शंभर माणसं समोर उभी राहून तिच्याकडे बघणार. बरं दिसतं का ते?"

'ही' म्हणजे उल्काताई. त्या आत्ताही गॅलरीतच होत्या, मटार सोलत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. भाजी, औषधं, वाचनालयाची पुस्तकं, सगळं माधवराव वर आणत आणि कधी कुरकुरत नसत. उल्काताईंचे हात चालू होते आणि कान सभेत होते.

"त्यावर उपाय आहे," तनया म्हणाली. "तुमच्या बाजूने प्लॅटफॉर्मला दुधी काच लावू. माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढी उंच. प्रवाशांना काकू दिसणारच नाहीत. मग स्टेशन हलवायलाही नको."

उपाय इतका सरळ होता की माधवरावांनाही खोट काढता येईना. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण लेखी द्या."

"आणि मला?" गॅलरीतून आवाज आला.

"तुम्हाला काय, काकू?"

"मला प्रवासी दिसतील का?"

"नाही ना. दुधी काच म्हणजे दोन्हीकडून काही दिसत नाही."

"मग नको."

माधवराव उठून गॅलरीच्या दारात गेले. "अगं, लोक बघतील तुझ्याकडे."

"बघू देत की! किती दिवसांत कोणी बघितलंय?" उल्काताईंनी मटारचं ताट बाजूला ठेवलं. "इथून मला माणसांची डोकी तेवढी दिसतात. संजयभावजींना तर हल्ली मी टकलावरून ओळखते. चेहरे बघायचे तर तुमच्या सभेची वाट बघायची, आणि सभेला येणारे चेहरे हे असे, लालबुंद. आता कुठे शंभर माणसं आपण होऊन चौथ्या मजल्यावर येतायत, तर तुम्ही त्यांना गाजरगवताकडे पाठवताय."

संजयांचा हात आपसूक डोक्यावर गेला. कोणी हसलं नाही.

माधवरावांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं सगळं वर आणलं, माणसंच आणायची राहिली. त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीच्या अध्यक्षांच्या आवाजात सांगितलं, "मॅडम, मघाची मागणी खोडा. स्टेशन इथेच राहू दे. आणि ती काच लावायची तर स्टेशनच्या जिन्याला लावा, आमच्यासमोर नको."

"आणि बागेची जागा?" संजयांनी संधी साधली.

"राहू दे पोरांना. गाजरगवतासकट."

चहा झाला. एकेक जण जिना उतरू लागला. तनया निरोप घ्यायला गॅलरीत आली, पण तिला राहवेना.

"काकू, लगेच काही होणार नाही हं. आधी मंजुरी, मग काम. पाच-सहा वर्षं तरी लागतील."

उल्काताईंनी ताट पुन्हा मांडीवर ओढलं आणि एक शेंग उचलली.

"लागू देत गं," त्या म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"