वर आलेल्यांची वही

तिसरं गावही वडिलांनी नापास केलं.

पहिल्या गावाला पांढऱ्या वाळूचा किनारा होता, दुसऱ्याच्या पाण्यात प्रवाळ होतं, तिसऱ्याच्या तळाशी एक बुडालेलं जहाज. ट्रॅव्हल ऑफिसातल्या बाईंनी तिन्ही गावांचे फोटो टेबलावर मांडले होते. वडिलांनी एकाकडेही धड पाहिलं नाही. त्यांचा एकच प्रश्न होता.

"पाण्यातून परत आलेली माणसं मोजतं कोण?"

"बोटवालाच मोजतो, काका. अनुभवी माणसं असतात ती."

"अनुभवी!" वडिलांनी तो शब्द थुंकल्यासारखा टाकला. "डोकी मोजायला अनुभव कशाला लागतो? लाज लागते."

शेजारी बसलेली लेक फोटोतल्या निळ्या पाण्याकडे बघत राहिली. दीड वर्ष ती समुद्राकडे फिरकली नव्हती. पोहायला तिला आईनं शिकवलं, पाठीवर सिलिंडर बांधून तळाशी पहिल्यांदा नेलं तेही आईनंच. आता उतरले नाही तर पुन्हा कधीच उतरणार नाही, असं तिनं घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी आठवडाभर आकाशपाताळ एक केलं. शेवटी एका अटीवर तयार झाले. गाव मी निवडणार.

त्यांचा संताप तिला कळत होता. आईला पाण्यातच सोडून बोट परतली होती. वडीलही त्याच बोटीवर होते, पण त्यांना बोट लागते. तोंडावर ओला टॉवेल घेऊन ते आडवे पडले होते. बंदर आल्यावर ते उठले आणि बायकोला हाक मारू लागले.

वर आलेल्या प्रत्येकानं वहीत आपल्या नावापुढे सही करायची, अशी तिथली पद्धत. आईच्या नावापुढे सही होती. बोटवाला चौकशीत रडकुंडीला येऊन सांगत होता, की आम्ही वही नुसती फिरवतो, सह्या करत नाही. वडिलांनी तेव्हा टेबलावर मूठ आपटली होती. ही माझ्या बायकोची सही नाही, म्हणाले. खरंच नव्हती. आई सहीखाली कधी रेघ ओढत नसे. इथे रेघ होती, रेघेखाली दोन टिंबं. बोटवाल्याचा परवाना गेला. त्या पानाचा फोटो लेकीच्या फोनमध्ये अजून होता.

बाईंनी चौथ्या गावाला फोन लावला आणि बराच वेळ बोलल्या. तिथे बिल्ले होते. पाण्यातून आलेल्यानं आपला बिल्ला फळीवर अडकवायचा. फळी भरल्याशिवाय बोट हलत नाही.

"आणि दुसऱ्याचा बिल्ला भलत्यानंच अडकवला तर?"

बाईंना हसू आलं. "असं कोण करेल, काका?"

वडिलांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"शिवाय बिल्ला मनगटाला बांधलेला असतो," बाई म्हणाल्या. "माणूस वर आल्याशिवाय तो येईल कसा?"

वडिलांनी मोठा श्वास सोडला. "हेच गाव. फॉर्म द्या."

लेकीला हायसं वाटलं. ओळखपत्राची झेरॉक्स हवी होती, म्हणून ती शेजारच्या दुकानात गेली. परत आली तोवर वडिलांनी फॉर्म भरून टाकला होता. बाई तो वाचत होत्या.

"काका, ही सही हिनं स्वतः करायची असते हो."

"त्यात काय एवढं? हिच्या आईची पार्सलं यायची, ती मीच घ्यायचो. समोर कागद आला की तिच्या नावानं सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं."

"नियम आहे, काका." बाईंनी फॉर्म लेकीपुढे सरकवला. "ही खोडा आणि बाजूला तुमची करा."

लेकीनं पेन उघडलं. वडिलांच्या घाईच्या अक्षरात तिचं नाव होतं. नावाखाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं.