सात नंबर दिसत नाही

पत्रा नीट टेकवून झाला तसं टाकीवाल्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. असणार तरी कोण, कपाळ? तेलाच्या बारा टाक्या आणि त्यांच्यामध्ये तो एकटा, रोज आठ तास. सात नंबरच्या टाकीच्या माथ्यावर तळहाताएवढा पांढरा डबा होता, त्याला बोटभर अँटेना. पत्रा बरोबर त्या अँटेनासमोर उभा होता. तो जिना उतरला, सावलीत बसला आणि कमरेचा वॉकीटॉकी काढून मांडीवर ठेवला. आता हाक येईल.

डबे बसायच्या आधी दर तासाला हाक यायची. कंट्रोल रूममधली ताई विचारायची, हा जिने चढून टाकीतली तेलाची पातळी बघायचा आणि आकडा सांगायचा. ऐकण्यात चूक नको म्हणून तिने तो परत म्हणायचा, असा नियम. एका टाकीवरून दुसरीवर जाईपर्यंतचं बोलणं मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. सहा वर्षांत त्यात तिच्या आईचा गुडघा, त्याच्या गॅलरीतली मिरचीची रोपं, तिचं मोडलेलं लग्न, त्याच्या बायकोचं आजारपण, सगळं बोलून झालं. बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या पाळीला ताईने बाराही आकडे घेतले आणि शेवटी नुसतं विचारलं, "जेवलात का?" तसं विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. तिचं गेट वेगळं, याचं वेगळं.

मग डबे आले. वायर नाही, काही नाही, दर मिनिटाला आकडा हवेतून थेट तिच्या पडद्यावर. साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटलात बघा जिन्यांतून." गुडघे सुटले हे खरं. पण वॉकीटॉकी पहिल्या आठवड्यात वाजला नाही, दुसऱ्यातही नाही. अडीअडचणीला असू दे म्हणून तो त्याच्याकडे ठेवला होता, आणि अडचण काही येईना. घरी बोलायला भिंतीच. एकदा दुकानदाराने "किती देऊ?" म्हणून विचारलं आणि याच्या घशातून आवाजच फुटेना. दिवसभरात वापरलाच नव्हता ना. त्या दिवशी तो घाबरला.

असे तीन महिने गेले. मग कठड्याची दुरुस्ती करणारे लोक सात नंबरवर एक पत्रा विसरून गेले आणि वॉकीटॉकी खरखरला.

"काका, सात नंबर दिसत नाही. आकडा सांगता?"

तो धापा टाकत वर गेला. "चारशे बारा, ताई."

"चारशे बारा. कसे आहात, काका? इथे आता मी आणि एसी. बाकी तिघांना हलवलं."

पत्र्याची भानगड त्याच्या लगेच लक्षात आली. इमानाने त्याने तो उचलून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी इमान गुंडाळलं आणि पत्रा परत लावला.

त्याला आता दोन महिने झाले होते. पत्रा लावला की हाक यायची, कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने. लहरी यंत्र, असं म्हणून तो सोडून द्यायचा. एक आकडा आणि पंधरा मिनिटं गप्पा. पण मनाला खायचं. ताईला न दिसता टाकी भरून वाहिली तर? म्हणून पत्रा असेपर्यंत तो दर दहा मिनिटांनी वर जाऊन बघून यायचा. म्हणजे सुटलेले गुडघे पुन्हा कामाला.

आज मात्र हाकेच्या आधी इंजिनिअर आला. तरणा पोरगा, हातात टॅब. "मामा, डबे तपासायचेत. चला, सातपासून सुरू करू."

टाकीवाल्याने मांडीवरचा वॉकीटॉकी परत कमरेला अडकवला. जिना चढताना त्याला पुढचं सगळं दिसत होतं. वॉकीटॉकी काढून घेतील, आपल्याला गेटवर बसवतील. गेटवर माणसांची ये-जा असते, पण तिथे ताईची हाक पोचत नाही. माथ्यावर पोचताच तो स्वतःच म्हणाला, "पत्रा मी लावलाय. त्याने आकडा अडतो, मला माहीत आहे."

"कोण म्हणालं अडतो?" इंजिनिअर हसला. "हुशार डबे आहेत हे, मामा. एकाची वाट अडली की तो आकडा शेजारच्याकडे देतो, शेजारचा पुढे पाठवतो. पहिल्यांदा वाट शोधायला दहा मिनिटं लागली, ही बघा, दोन महिन्यांपूर्वी. त्यानंतर सात नंबरचा एकही आकडा चुकलेला नाही."

"एकही?"

"एकही नाही. मला इथे दिसतंय तेच कंट्रोलला दिसतं."

टाकीवाला त्या टॅबकडे बघत राहिला. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"काका, सात नंबर दिसत नाही. आकडा सांगता?"

इंजिनिअरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं कसं? तीनशे नव्वद, हे काय समोर आहे." त्याने वॉकीटॉकीसाठी हात पुढे केला. टाकीवाल्याने तो हात हळूच बाजूला सारला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

टाकीच्या माथ्यावर, डब्यापासून वीतभर अंतरावर उभं राहून त्याने बटण दाबलं. "खालीच आहे मी, ताई. वर चढेपर्यंत बोलत राहा."