आंबटाचं पथ्य

सावित्रम्मा पूजेला बसल्या, की अर्धा तास उठत नसत. तेवढ्या वेळात सुनेला, दानेश्वरीला, सगळं उरकायचं होतं.

मागच्या दारानं परसात जाऊन तिनं झाडापाशी वाकून सात टमाटे तोडले. सगळे हिरवे, टणक, देठाशी जरा पांढरट. पिकलेला एकही नव्हता. असता तरी तिला नको होता.

तव्यावर तेल सोडून तिनं फोडी टाकल्या. मिरच्या, लसूण, जिरं. ठसका उठला तसा स्कार्फ तोंडावर दाबून धरला. मग भाजलेले शेंगदाणे, तीळ, गुळाचा एवढासा खडा घालून खलबत्त्यात हलक्या हातानं कुटलं. जोरात कुटलं असतं, तर देवघरात ऐकू गेलं असतं.

ओट्याशी उभ्या उभ्याच तिनं कडक भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली.

आज सव्विसावा दिवस होता. इतके दिवस शेपू, मऊ भात, बिनतिखटाचं वरण आणि डिंकाचा लाडू. आंबट बंद, तिखट बंद. बाळंतिणीनं आंबट खाल्लं, की दूध बाधतं आणि लेकराला खोकला होतो, हे सावित्रम्मांचं म्हणणं. दवाखान्यात दूध पाठवायला लागल्यापासून तर त्या हे रोज एकदा तरी ऐकवत.

पहिला घास जिभेला लागला आणि दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी कशाला तरी चव लागली होती. लगेच तिची तिलाच लाज वाटली. आपल्याला असं काही खावंसं वाटतंच कसं?

वाटी मात्र रिकामी झाली.

मग खोलीचं दार लावून तिनं पंपानं दूध काढलं आणि बाटलीवर तारीख-वेळ लिहिली. कामाला निघताना तिच्या नवऱ्यानं, विरेशनं, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली.

"आज भरली की पूर्ण," तो म्हणाला. मग तिच्याकडं नीट बघत, "रडलीस व्हय?"

"न्हाई."

त्यानं डबा गाडीला अडकवला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की बाटली मोरीत ओतून द्यायला हवी होती.

तिसऱ्या पेटीतलं ते सव्वा किलोचं लेकरू तिच्या डोळ्यांपुढून हलेना. काचेतून तिनं ते एकदाच बघितलं होतं. नाकात नळी, मुठी आवळलेल्या. एवढ्याशा जिवाला खोकता तरी येत असेल का? सातव्या महिन्यात सासूबाई नको नको म्हणत असताना तिनं पाण्याची कळशी गच्चीवर नेली होती. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. तिला ते पटलं नव्हतं. आणि आता ही चटणी.

तिनं विरेशला चार वेळा फोन लावला. गाडीवर असला, की तो उचलत नसे.

सावित्रम्मा कपाळाला विभूती लावून स्वयंपाकघराकडं आल्या आणि दारातच थांबल्या.

"मिरच्या कुणी भाजल्या गं?"

त्यांनी खलबत्त्यात डोकावून बघितलं, मग खिडकीतून झाडाकडं.

"दानू."

"आत्या, मी खाल्ली. दूध पण गेलं. हे घेऊन गेले."

"सगळी खाल्लीस?"

"सगळी."

"सव्वा महिना जीभ आवरंना तुला? मी काय तुझ्या जिभेची वैरीण हाय व्हय?" त्यांचा आवाज चढला आणि मधेच खाली आला. "चिमणीएवढं लेकरू ते. त्याला काय ठावं, तू काय खाल्लंस."

"फोन उचलंनात हे."

"मग हितं बसून काय हुतंय? कानाला बांध. चप्पल घाल."

सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा सावित्रम्मांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला. बघत मात्र बाहेरच राहिल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबलं.

"चटणीसाठी एवढ्या लांब आलात? काही होत नाही, मावशी. आणि आजचं दूध आम्ही आजच कुठं पाजतो? तपासतो, तापवतो, मग देतो."

"आंबट हुती पण. तिखट बी." सावित्रम्मा सुनेकडं वळल्या. "मिरच्या किती घातल्यास?"

"चार."

"चार मिरच्या," त्यांनी सिस्टरना सांगितलं.

"दहा खाऊ देत. तिसऱ्या पेटीतल्याचं वजन दीडशे ग्रॅमनं वाढलंय. आलाच आहात, तर बघून जा."

काचेपाशी एक बाई आधीपासून उभी होती. डोक्याला मफलर, दानेश्वरीच्याच वयाची. तिनं सरकून दोघींना जागा दिली. आत लेकरानं एक पाय झाडला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा झोपलं.

"बघ," सावित्रम्मा कुजबुजल्या. "खोकत न्हाई की."

दानेश्वरी काचेला नाक लावून बघत राहिली.

"माझा हाय त्यो," मफलरवाली कौतुकानं म्हणाली. "मोडनिंबच्या आमी. मला दूधच उतरंना बघा, पर हितलं दूध लई मानवलं त्याला. तुमचं कंच्या पेटीत हाय, ताई?"

सावित्रम्मांनी दानेश्वरीचा सैल झालेला स्कार्फ कानांवरून घट्ट बांधला आणि त्या बाईला म्हणाल्या, "आमची पोरगी चौथ्या दिवशीच गेली गं, बाई. दूध तेवढं मागं ऱ्हायलंय."