डावी टाच

“चप्पल हातात आली की आधी उलटी करायची. तळ बघायचा. मग आत बोटं फिरवायची. तोंडाने सांगत नाही ते माणूस तिथे सांगून जातो.”

आजोबांनी हे शिकवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता सोळा. आजोबांचे हात थरथरू लागल्यापासून शाळा सुटली की दुकानातले टाके तीच घालायची. दुसऱ्याच्या चपलेत बोटं घालायची मात्र तिला किळस यायची. तळावरूनच सगळं कळतं, असं तिचं मत होतं.

ही चप्पल तर तिला पाठ झाली होती. तपकिरी, बायकी, लहान पावलाची. दर शनिवारी डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. आणणारा तिच्याच वर्गातला. उंचीमुळे आजोबा त्याला उंट म्हणायचे. तो दारात दिसला की तिचा टाका हमखास वाकडा पडायचा.

“कुणाची रे ही?” तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

“आहे घरातलीच.”

“फार चालते वाटतं.”

“तिला बसवतच नाही.” तो हसला. ते हसू चपलेसाठी होतं.

त्याला बहीण नाही, हे तिने केव्हाच शोधून काढलं होतं. म्हणजे लांबच्या नात्यातली कुणीतरी राहायला आलेली असणार. नाजूक पावलांची, ठुमकत चालणारी. आणि शेजारून हा, लांब ढांगा आखडून, तिच्या चालीने चालणारा.

या शनिवारी तो घाईत होता.

“मी सोमवारी मामाकडे शिकायला चाललो. आता दर शनिवारी तूच घरी जाऊन चप्पल आणशील? फक्त निघायच्या आधी तिला तळ दाखवायचा. किती चालली ते बघायला तिला फार आवडतं.”

“मी काय तिची नोकर आहे?”

“दुसऱ्या कुणाला नाही जमणार. तुला तळ कळतो.” तो घुटमळला. “शब्द दे ना.”

“दिला,” ती म्हणाली. त्याला नाही म्हणायला जीभच वळली नाही.

तो बाकावर वाट बघत बसला. तिने टाच बसवली. मग डब्याच्या तळातला कुजका दोरा काढला आणि उसवलेला पट्टा त्यानेच शिवला. चार पावलं, की पट्टा निघेल. उद्याच, भर रस्त्यात, त्याच्यादेखत.

“दोरा बघून घेतलास?” आजोबांनी विचारलं.

“घेतला.”



आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. पडली असेल का ती? पडली असेल तर बरंच, असं एक मन म्हणायचं, आणि मग तिला त्या मनाची लाज वाटायची.

शनिवारी ती गेली. तिसरा मजला. दारासमोरच्या दगडी पायरीच्या कडेवर काळे ओरखडे होते. दार लोटलेलंच होतं.

“ये गं. चपलेच्या दुकानातली ना तू? नातू सांगून गेलाय.”

खिडकीशी पलंगावर एक म्हातारी बसली होती. घरात आणखी कुणाची चाहूल नव्हती.

“त्या कुठे आहेत?” तिने विचारलं. “ज्यांची चप्पल आहे त्या?”

“मीच की.” म्हातारी खुदकन हसली. “एका जागी बसवत नाही मला. या आठवड्यात तर बाजारापर्यंत जाऊन आले. दाखव बघू तळ. किती चालले मी?”

चप्पल पलंगाखाली होती. तिने उचलून उलटी केली. टाच कोरी करकरीत. कुजका टाका जसाच्या तसा. मग पहिल्यांदाच तिने आत बोटं फिरवली. अंगठ्याचा जुना खळगा धुळीने भरला होता.

तिने वर पाहिलं. पांघरूण गुडघ्यांपर्यंत उंच होतं. त्यापुढे ते गादीला सपाट टेकलेलं, खाली पायच नसल्यासारखं.

“आजी, इथे उजेड कमी आहे,” ती हळूच म्हणाली. “बाहेर बघून आणते.”

दार ओढून घेऊन ती समोरच्या पायरीवर बसली, आणि डावी टाच, बाहेरची बाजू, दगडाच्या कडेवर घासू लागली.